बंब आणि बंबामागचा खर्च : शिरूर व दौंड तालुक्यांतील अग्निशमन सेवा

फाल्गुन-चैत्राचे दिवस आले की शिरूर आणि दौंड या तालुक्यांत आगीच्या वर्द्या वाढू लागतात. अग्निशमन दलाच्या बोलीत आगीची खबर म्हणजे ‘वर्दी’. तोडणीची वाट पाहत उभा असलेला ऊस, गोठ्याशेजारी रचलेली कडब्याची गंजी, विजेच्या लोंबत्या तारेखालून जाणारा वैरणीचा ट्रक, महामार्गाच्या कडेची गोदामे, यांपैकी कशालाही एक ठिणगी पुरते. वर्दी दिल्यावर जो तो विचारतो, ‘बंब कुठवर आला?’ आणि बंब वेळेवर पोहोचला नाही, तर दुसऱ्या दिवशी नव्या बंबाची मागणी होते. ही मागणी स्वाभाविक आहे. तथापि अग्निशमनावरील एकूण सार्वजनिक खर्चात बंबाची किंमत हा एक लहानसा भाग असतो, ही गोष्ट अंदाजपत्रकावरील चर्चेत सहसा पुढे येत नाही. ती आकड्यांनिशी समजावून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन शहरे, दोन तालुके

शिरूर, म्हणजे लोकांच्या तोंडची घोडनदी, हे पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील घोड नदीच्या काठचे गाव. दौंड हे भीमेच्या काठचे. १८७८ मध्ये मनमाडपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून ते जंक्शन म्हणून ओळखले जाते. दोन्ही ठिकाणी नगरपरिषदा आहेत. २०११ च्या जनगणनेत शिरूर शहराची लोकसंख्या सुमारे ३७ हजार आणि दौंड शहराची सुमारे ४९ हजार होती. दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मात्र प्रत्येकी ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. म्हणजेच या दोन तालुक्यांतील दर दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ माणसे नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर राहत होती. त्यानंतरची वाढ या आकड्यांत आलेली नाही आणि ती बहुतांशी हद्दीबाहेरच झाली आहे, हे पुणे-अहिल्यानगर रस्त्याने एकदा प्रवास केला तरी ध्यानात येते.

शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात कारखाने व गोदामे दाटीने उभी राहिली आहेत. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावर कुरकुंभची वसाहत असून तेथे रासायनिक उद्योगांचा भरणा आहे. दोन्ही तालुक्यांत उसाचे क्षेत्र मोठे आहे. केडगावच्या परिसरात गुऱ्हाळे आहेत. घराला लागलेली आग, उसाच्या फडातील आग, रसायनाच्या पिंपांची आग आणि महामार्गावर पेटलेला टँकर या चार गोष्टींना लागणारी साधने चार प्रकारची असतात. लहान नगरपरिषदेकडे मात्र बहुधा एकच बंब असतो आणि चारही वर्द्यांना तोच जातो.

जबाबदारी कोणाची

कर्नाटक, तामिळनाडू, केरळ या राज्यांत अग्निशमन हा राज्य शासनाचा स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रातील घडण वेगळी आहे. मुंबईत आग विझविण्याचे काम १ एप्रिल १८८७ पासून महानगरपालिकेच्या अग्निशमन दलाकडे आले आणि राज्यात पुढेही हीच रीत राहिली. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यानुसार आग विझविणे आणि आगीच्या प्रसंगी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. शासनाच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडे मार्गदर्शन, तांत्रिक तपासणी व प्रशिक्षण ही कामे आहेत. शिरूरचा किंवा दौंडचा बंब चालविणे हे त्याचे काम नव्हे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी संस्थांच्या विषयांच्या यादीत, ‘अग्निशमन सेवा’ हा सातवा विषय आहे. त्याच सुमारास पंचायतींसाठी जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. कायद्याच्या पुस्तकातील हा फरक शिरूर-दौंडच्या शिवारात फार मोठा होतो. ग्रामपंचायतीकडून आगीच्या वेळी साहाय्याची अपेक्षा असते. बंब बाळगण्याचे व माणसे नेमण्याचे बंधन तिच्यावर नाही. मग फड पेटल्यावर बंब येतो तो नगरपरिषदेचा, औद्योगिक वसाहतीचा किंवा एखाद्या साखर कारखान्याचा, आणि तो येतो बराचसा सौजन्याने.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आपल्या वसाहतींसाठी स्वतःची अग्निशमन व्यवस्था ठेवते. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील केंद्रे याच व्यवस्थेत मोडतात. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत या दोन्ही तालुक्यांचा पुण्याकडील काही भाग येतो आणि प्राधिकरणाने आपले अग्निशमन दल उभारले आहे. अशा रीतीने एकाच तालुक्यात तीन यंत्रणा काम करतात, तिन्हींचे हिशेब वेगळे असतात, आणि तालुक्याचा मोठा भाग यांपैकी कोणाच्याही हद्दीत नसतो.

पैसा कोठून येतो

नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या बिलात अनेक ठिकाणी ‘अग्निशमन कर’ अशी एक ओळ असते. ती रक्कम इतकी लहान असते की करदात्याचे तिच्याकडे लक्ष जात नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यात इमारतींच्या परवानगीच्या वेळी अग्निशमनासाठी शुल्क घेण्याची तरतूद आहे. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरील वर्दीसाठी ठरावाने ठरविलेला आकार घेण्याचीही पद्धत आहे. जळालेल्या उसाच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे हा आकार मागणे मात्र कोणाही कर्मचाऱ्याला अवघड जाते, हे समजण्यासारखे आहे.

नवा बंब, अग्निशमन केंद्राची इमारत, शिड्या, श्वसनसाधने अशा भांडवली खरेदीसाठी नगरपरिषदेचा स्वतःचा पैसा सहसा पुरत नाही. त्यासाठी जिल्हा नियोजन समितीमार्फत जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मिळतो. अग्निसुरक्षा व आणीबाणीच्या सेवा बळकट करण्याची योजना त्यात आहे. याखेरीज केंद्र सरकारने पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार जुलै २०२३ मध्ये राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण करण्यासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्याला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो. एकूण रकमेपैकी ५०० कोटी रुपये कायदेविषयक व रचनाविषयक सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखून ठेवलेले होते.

या योजनांचा भर साधनसामग्रीवर व बांधकामावर असतो. रोजचा पगार, डिझेल, बॅटरी, टायर, पंपाचे वायसर, होजची दुरुस्ती हा आवर्ती खर्च नगरपरिषदेनेच करावयाचा असतो. अनुदानाने आलेला बंब दारात उभा राहतो. त्याच्या पाठोपाठ येणारा खर्च मात्र अनुदानात नसतो.

पंचाहत्तर लाख आणि तेरा कोटी

हिशेबापुरते असे धरू की, चार-साडेचार हजार लिटर पाण्याच्या टाकीचा एक बंब सर्व साहित्यासह ७५ लाख रुपयांना पडला. अशा गाडीचे आयुष्य किती धरावे, हा प्रश्न आता कायद्यानेच सोडविला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून शासनाच्या आणि नगरपालिका-पंचायतींच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर पुढे चालू ठेवता येत नाही. देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या विशेष वाहनांना सूट आहे. अग्निशमन बंबांचा उल्लेख त्या सुटीत नाही. लहान गावचा बंब वर्षाकाठी फार धावत नाही. पंधरा वर्षांनी त्याचे इंजिन पुष्कळदा ठणठणीत असते. तरीही तो मोडीत काढावा लागतो. हा नियम धूर ओकणाऱ्या रोजच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून झालेला दिसतो, आणि बंबाच्या बाबतीत त्याचा फेरविचार व्हावा असे प्रस्तुत लेखकाला वाटते. नियम आहे तोवर हिशेब त्याप्रमाणेच करावा लागेल. ७५ लाखांना १५ वर्षांनी भागले, तर वर्षाला ५ लाख रुपये येतात.

आता माणसांचा हिशेब पाहू. बंबावर एक चालक तथा यंत्रचालक, एक लीडिंग फायरमन आणि चार फायरमन असे सहा जण धरले, तर तीन पाळ्यांना १८ माणसे लागतात. साप्ताहिक सुट्टी धरली की ती २१ होतात. रजा, आजारपण व प्रशिक्षण लक्षात घेतले तर २२ हा अगदी काटकसरीचा आकडा झाला. माणशी वर्षाला सरासरी ४ लाख रुपये धरले, तर वेतनाचा खर्च ८८ लाख होतो. याचा अर्थ असा की, जो बंब पंधरा वर्षे वापरावयाचा, त्याच्या पूर्ण किमतीपेक्षा त्यावरील माणसांचा एका वर्षाचा पगार अधिक आहे. पंधरा वर्षांत बंबावर ७५ लाख खर्च होतील, तर माणसांवर, आजच्याच दराने, १३ कोटी २० लाख.

ही रक्कम ३७ किंवा ४९ हजार वस्तीच्या शहराला जड जाते, यात शंका नाही. आस्थापना खर्चावर शासनाने मर्यादा घातलेली असते आणि सफाई, पाणीपुरवठा, करवसुली या विभागांनाही माणसे हवीच असतात. म्हणून लहान शहरांत पाळीला सहाऐवजी दोन-तीन माणसे ठेवण्याची, काहींना ठेकेदारामार्फत घेण्याची, तर काहींना अन्य विभागातून उसने आणण्याची प्रथा पडते. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही खटकत नाही. बंब उभा आहे, चालक आहे, घंटा वाजली की गाडी निघते. अडचण जागेवर पोहोचल्यावर कळते. एक माणूस पंपाशी हवा. भरलेली होज दाबाने इतकी ताठ व जड होते की, ब्रँच धरायला एक आणि मागे आधाराला एक अशी दोन माणसे लागतात. धुराने भरलेल्या खोलीत कोणी एकट्याने जाऊ नये हा सर्वमान्य नियम आहे. तेव्हा आत जाणारे दोघे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा बाहेर एक हवाच. तीन माणसांच्या बंबाने बाहेरून पाणी मारता येते, आत अडकलेल्याला काढता येत नाही.

मुंबईतील सांताक्रूझ-कालिना येथील राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. वरच्या दर्जाच्या शिक्षणासाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. नगरपरिषदांच्या राज्यस्तरीय संवर्गांत आता अग्निशमन सेवेचाही समावेश झाला आहे. शिकलेला माणूस मिळण्याची वाट त्यामुळे पूर्वीपेक्षा मोकळी झाली आहे. पदे मंजूर होऊन भरली जाणे हा मात्र पैशाचा प्रश्न राहतोच.

टाकीतले पाणी किती वेळ पुरते

बंबाच्या टाकीचे आकारमान ऐकून पुष्कळांना वाटते की, साडेचार हजार लिटर म्हणजे मोठा साठा झाला. साध्या मापाची एक ब्रँच चांगल्या दाबाने चालविली, तर मिनिटाला सुमारे ३५० लिटर पाणी फेकते. म्हणजे टाकी तेरा मिनिटांत रिकामी होते. दोन ब्रँच लावल्या तर साडेसहा मिनिटांच्या आत. पुढे बंब पाणी आणायला जातो, आणि विझत आलेली आग पुन्हा धरते. गावकऱ्यांचा रोष बहुतेक वेळा या मधल्या काळात उसळतो.

हा मधला काळ किती असावा? पाणी भरण्याची जागा पाच किलोमीटरवर असेल आणि ताशी ४० किलोमीटरने बंब जात असेल, तर जाण्या-येण्यात १५ मिनिटे जातात. तेथील नळाला मिनिटाला ५०० लिटर पाणी असेल, तर टाकी भरायला आणखी ९ मिनिटे. एकूण २४ मिनिटे बंब जागेवर नसतो आणि साडेसहा मिनिटे असतो. आगीवर सलग पाणी पडत राहावे असे वाटत असेल, तर जवळजवळ पाच बंब फिरते ठेवावे लागतील. हीच जागा एक किलोमीटरवर असेल आणि तेथे मिनिटाला हजार लिटर देणारा पंप बसविला असेल, तर जाणे-येणे व भरणे मिळून साडेसात मिनिटे लागतात आणि दोन-तीन बंबांत तेच काम भागते. एक बरा पंप, विजेची किंवा डिझेलची सोय आणि बंब वळेल एवढी फरसबंद जागा यांची किंमत दोन बंबांच्या किमतीच्या तुलनेत काहीच नाही. त्यांना लागणारी माणसे तर नाहीतच. असे असूनही भरणस्थानांवरील तरतूद अंदाजपत्रकात क्वचितच वेगळी दाखविलेली आढळते. भरणस्थानाचे उद्घाटन करता येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

शिरूर शहराला घोड नदी आणि दौंडला भीमा जवळ आहे, ही दोन्ही शहरांची जमेची बाजू आहे. उन्हाळ्यात पात्रातील पाणी खाली जाते तेव्हा मात्र कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत साठा आहे की नाही, हे आधी ठाऊक असावे लागते. आगीच्या वेळी चौकशी करून ते कळत नाही.

कुरकुंभची आग वेगळी

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. द्रव रसायनाच्या आगीवर पाण्याचा जोराचा फवारा मारला, तर पुष्कळ वेळा आग पसरते. कारण अनेक द्रावके पाण्याहून हलकी असतात आणि पाण्यावर तरंगत जळत पुढे जातात. तेथे फेस, म्हणजे फोम, लागतो. दर ९७ लिटर पाण्यात ३ लिटर फोमद्रव्य मिसळून तयार केलेला फेस द्रवाच्या पृष्ठावर चादरीसारखा पसरतो आणि हवा तोडतो. अल्कोहोल, ॲसिटोन यांसारखी पाण्यात मिसळणारी द्रावके साधा फेस मोडून टाकतात. त्यांच्यासाठी निराळ्या जातीचे, अधिक महाग फोमद्रव्य घ्यावे लागते. या द्रव्याला मुदत असते. वर्षानुवर्षे पिंपात पडून राहिलेले फोमद्रव्य ऐन वेळी फेस धरील याची खात्री देता येत नाही.

१४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री कुरकुंभ येथील एका रासायनिक कारखान्यात मोठी आग लागली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांना घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले होते. अशा घटनेनंतर दौंड नगरपरिषदेनेही मोठा फोम बंब घ्यावा, अशी सूचना कोणी केली तर ती वरवर रास्त वाटेल. प्रस्तुत लेखकाला तो खर्च योग्य वाटत नाही. रसायनाचा धोका जो निर्माण करतो, त्याच्याकडे त्यावरील साधन असले पाहिजे. रासायनिक अपघातविषयक १९९६ च्या केंद्रीय नियमांनी कारखाने, वसाहत, महसूल यंत्रणा व अग्निशमन दल यांच्या जिल्हा व स्थानिक आपत्ती गटांची तरतूद केलेली आहे. फोमचा साठा वसाहतीत राहावा, त्याची मोजदाद या गटाने करावी, आणि सुमारे दहा किलोमीटरवरच्या दौंडच्या बंबाने शेजारच्या टाक्यांवर पाणी मारून त्या थंड ठेवण्याचे व वस्ती हलविण्यास मदत करण्याचे काम करावे, ही विभागणी स्वस्त आहे आणि शहाणपणाचीही आहे.

नगरपरिषदेने स्वतःकडे जरूर ठेवावी अशी एक वस्तू म्हणजे श्वसनसाधन, ज्याला दलात ‘बी.ए. सेट’ म्हणतात. आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक दगावतात. सहा लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. श्रमाच्या कामात माणसाला मिनिटाला ४० लिटर हवा लागते असे धरले, तर ती ४५ मिनिटे पुरते. प्रत्यक्षात थोडी कमीच. पुढे नळकांडे भरण्यासाठी विशेष कॉम्प्रेसर लागतो. तो जवळ नसेल, तर एका वर्दीनंतर संच पुण्याला पाठवावा लागतो आणि तोवर दल त्या साधनाविना राहते. संच विकत घेताना कॉम्प्रेसरची व ठरावीक मुदतीच्या दाबचाचणीची तरतूद केली आहे काय, हे सभागृहात विचारण्याजोगे आहे.

७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथील कारखान्याच्या आगीत १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला शिरूरच्या पलीकडील अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण दगावले. अशा ठिकाणी बंब येण्यापूर्वीच्या काही मिनिटांतच सर्व काही ठरून जाते. २००६ च्या अधिनियमाने यासाठीच इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर अग्निरोधक व्यवस्था बसविण्याची आणि ती चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. हे प्रमाणपत्र कागदावर येते, त्याची जागेवर जाऊन पडताळणी करण्यास माणूस लागतो, आणि तो माणूस वर सांगितलेल्या बावीस जणांतूनच काढावा लागतो.

वीस मिनिटांचे वर्तुळ

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने दर ५० हजार वस्तीला एक बंब आणि ग्रामीण भागात वर्दीपासून २० मिनिटांत मदत, अशी प्रमाणे सुचविली होती. शहरापुरते पाहिले तर शिरूर व दौंड येथे एकेक बंब या मापाला उतरतो. हेच माप तालुक्याला लावले, तर प्रत्येकी सात-आठ बंब लागतील.

अंतराच्या बाजूने पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते. ताशी ४० किलोमीटर हा गावरस्त्यावरील भरल्या बंबाचा बरा वेग झाला. वीस मिनिटांत तो १३ किलोमीटर जातो. दौंडभोवती एवढे वर्तुळ काढले, तर कुरकुंभ त्यात येते, पाटस जेमतेम काठावर राहते. वरवंड, केडगाव, यवत बाहेर पडतात. यवतला पोहोचायला पाऊण तास सहज लागेल. शिरूरभोवतीच्या वर्तुळात रांजणगावदेखील बसत नाही. तेथे वसाहतीचे केंद्र आहे म्हणून निभावते. न्हावरे, टाकळी हाजी ही गावे बाहेर राहतात, आणि पाबळ तर फारच दूर. भीमेकाठच्या वडगाव रासाई व मांडवगण फराटा या गावांना नदीपलीकडे दौंड तालुका दिसतो. कागदोपत्री मात्र ती शिरूर तालुक्यातील. अशा गावात गंजी पेटली तर वर्दी कोठे द्यावी, हे गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक असते असे नाही. १०१ हा क्रमांक फिरवला की जवळचा बंब निघावा, मग तो नगरपरिषदेचा असो, महामंडळाचा असो की प्राधिकरणाचा, यासाठी तिन्ही यंत्रणांनी आपापल्या हद्दीबाहेरील वर्दीचा आकार आधी ठरवून त्याची भरपाई कोणी करावयाची हे लेखी ठेवणे आवश्यक आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाला अशी व्यवस्था लावून देता येते. त्यासाठी एक रुपयाचीही नवी खरेदी करावी लागत नाही.

ग्रामपंचायतींच्या हातातले काम

प्रत्येक मोठ्या गावाला बंब देणे शक्य नाही, आणि माणसांविना दिलेला बंब वर्षभरात गंजतो. उसाच्या व गंजीच्या आगीसाठी मात्र गावाला दुसरे साधन परवडते, ते म्हणजे ट्रॅक्टरने ओढावयाचा पाण्याचा टँकर आणि त्यावर बसविलेला छोटा इंजिन-पंप, दोन-तीन होज आणि एक ब्रँच. फवारणीचे टँकर तर बहुतेक गावांत आहेतच. जळिताच्या उसाला कारखान्यावर कपात बसते आणि तो लवकर तुटला नाही तर वजनही घटते. त्यामुळे फडाची आग पहिल्या दहा मिनिटांत अडविली गेली की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते. उसाच्या आगीत पाण्याइतकेच महत्त्व मधला पट्टा तोडून वाट अडविण्याला आहे, हे तोडणी कामगार जाणतात.

या दोन्ही तालुक्यांत गेल्या काही वर्षांत शेततळी पुष्कळ झाली आहेत. पंपाने पाणी वर ओढण्याची व्यावहारिक मर्यादा सुमारे सात मीटर आहे. त्याहून खोल विहिरीतून बंबाचा पंप पाणी घेऊ शकत नाही, शेततळ्यातून मात्र सहज घेतो. म्हणून ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातील बारमाही शेततळी, बंधारे व कालव्यावरील उतार यांची यादी करून ती जवळच्या अग्निशमन केंद्राला द्यावी. दिवाळीनंतर, कारखाने सुरू होण्याच्या सुमारास, ती एकदा तपासावी. तळ्याच्या काठापर्यंत बंब जाईल एवढी, म्हणजे साधारण साडेतीन-चार मीटर रुंदीची पक्की वाट आणि तो उलटा फिरेल एवढी जागा राखली आहे की नाही, हे ग्रामसेवक व दलातील एका माणसाने मिळून पाहावे. अस्तरीकरणाच्या कागदावर बंबाची शोषणनळी टेकून तो फाटू नये यासाठी नळीच्या तोंडाला करंडीसारखी जाळी बांधतात. शेतकऱ्याला ती आधी दाखवली, तर ऐन आगीच्या वेळी तो तळ्याचे पाणी घेऊ देण्यास कचरत नाही.